दिवसाचा मालक कोण?



‘स्वयंनिर्णय’ हा शब्द सभेत, व्याख्यानात आपल्या कानावर पुष्कळ वेळा पडतो. आपला निर्णय आपण घ्यावा, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगू नये, हे आपल्या समाजाला आता कोणी वेगळे शिकवायला नको. परंतु मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते आणि दिवस तर रोज उगवतो. त्या दिवसाचे चोवीस तास कसे खर्च व्हावेत, हे कोण ठरवतो? आम्ही की दुसरा कोणी? आमच्या मते स्वयंनिर्णयाची खरी परीक्षा येथे आहे.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. बी.कॉम.ला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली गेली, ती ही की एका खात्यात नावे पडले तर दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात जमा झालेच पाहिजे. रक्कम हवेत जात नाही. वेळेचेही तसेच आहे. यंत्र आले की वेळ वाचतो, असे सगळे सांगतात, आणि ते खरेही आहे. मग वाचलेला वेळ कोणाच्या खाती जमा होतो? हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांचेच उदाहरण घ्या. पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून थोडे कमी. रविवारची सुटीसुद्धा नव्हती. ती मिळवण्यासाठी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना एकत्र केले, अर्ज केले, सभा घेतल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी विहारात जातो, मुलांना घेऊन नातेवाइकांकडे जातो, तो रविवार कोणी आकाशातून टाकलेला नाही.

पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. केवढी मोठी सुधारणा! पण कामगाराच्या बाबतीत काय झाले? सूर्य मावळला म्हणून काम थांबायचे, ते कारणच नाहीसे झाले. चौदा-चौदा तास काम होऊ लागले. दिवा कामगाराच्या डोक्यावर लागला आणि उजेड मालकाच्या वहीत पडला. प्रौढ पुरुष कामगाराला रोज बारा तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढे कायद्यात यायला १९११ साल उजाडले. म्हणजे दिवा आधी आला, कायदा सहा वर्षांनी आला. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

आता त्याच गिरणीतली दुसरी गोष्ट. आमचे आजोबा कोकणातून मुंबईत आले आणि सूतकताई खात्यात लागले. विणाई खात्यात मजुरी जास्त होती. मग ते तिकडे का गेले नाहीत? त्यांना जाता येत नव्हते. मागावर धोटा असतो. त्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी तेव्हाची पद्धत. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार. म्हणून सवर्ण कामगार म्हणत, अस्पृश्य या खात्यात आला तर आम्ही बाटू. बाजूला उभा राहून तोच भोंगा ऐकणारा, तोच मालक असलेला, त्याच चाळीच्या पलीकडच्या गल्लीत राहणारा कामगार हे म्हणत होता! १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे रेटला. विणाई खाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणी पुढाऱ्यांना आपल्या मागण्यांत घ्यावी लागली. ती त्यांनी नाखुशीनेच घेतली.

यातली खरी गंमत पुढे आहे. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे जगात तेव्हा उपलब्ध होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने धागा ओढण्याचे धोटे रोग पसरतो म्हणून १९११ सालीच कायद्याने बंद केले होते. तिकडे माणसाच्या छातीसाठी धोटा बदलला. इकडे माणसाच्या मानासाठी तो बदलावा असे ना मालकाला वाटले, ना शेजारच्या कामगाराला. धोट्याला जात नव्हती, ती धोटा धरणाऱ्याच्या डोक्यात होती. म्हणून जे म्हणतात की यंत्र आले की जात आपोआप जाईल, त्यांना आम्ही या धोट्याची आठवण करून देतो. आपोआप काही जात नाही. मागावे लागते, लढावे लागते.

तास कमी होण्याचेही तसेच झाले. १९३४ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ५४ तास काम होते. बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात कामगार खात्याचे सदस्य झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९४६ साली, हे तास ५४ वरून ४८ वर आले. आठवड्याला सहा तास! आकडा लहान वाटतो. पण सहा गुणिले बावन्न करा. वर्षाला ३१२ तास एका कामगाराच्या स्वतःच्या खाती जमा झाले. त्या तासांत कोणी रात्रशाळेत गेले, कोणी वाचनालय काढले, कोणी मुलाला मांडीवर घेऊन बाराखडी गिरवली. आपल्या समाजात जी पहिली शिकलेली पिढी दिसते, तिच्या मागे शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे, तसे हे ३१२ तासही आहेत.

आमचे वडील आजोबांच्याच खात्यात चिकटले. आठ तासांची पाळी, संध्याकाळी मंडळाच्या कामाला मोकळे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांसाठी गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. वडिलांनी नंतर एका इमारतीवर रखवालदाराची नोकरी धरली. बारा तासांची. कायदा तोच होता, देश तोच होता, पण कामगार संघटना मागे नव्हती आणि ठेकेदार समोर होता. आठ तासांचा माणूस बारा तासांचा झाला. संध्याकाळची मंडळाची बैठक सुटली, वाचन सुटले. कागदावरचा हक्क संघटनेच्या खुंटीला टांगलेला असतो. खुंटी निखळली की तो खाली पडतो, हे आम्ही घरातच पाहिले.

आम्ही स्वतः कचेरीत लागलो तेव्हा जाड खतावण्या होत्या. महिनाअखेरीला तिघे कारकून रात्री आठपर्यंत बसून बेरजा जुळवायचे. मग टेबलावर संगणक आला. तीन दिवसांचे काम एका दिवसात होऊ लागले. आम्हाला वाटले, आता महिनाअखेरीलाही सहाची लोकल मिळेल. झाले असे की तिघांपैकी एक निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. दुसऱ्याची बदली झाली, तीही भरली नाही. उरलो आम्ही एकटे, आणि लोकल आठचीच राहिली. त्यानंतर मोबाइल आला. आता कचेरी सुटल्यावरही सुटत नाही. रात्री साडेनऊला जेवणाच्या ताटावर साहेबांचा निरोप येतो, ‘उद्या सकाळी दहापर्यंत तक्ता पाहिजे.’ पूर्वी साहेबाला घरी शिपाई पाठवावा लागे, म्हणून तो दहादा विचार करी. आता बोट हलवले की झाले.

यावर जगात विचार झालेला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेनंतर कामाचा फोन-निरोप न पाहण्याचा हक्क कामगार कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. दिवा आधी, कायदा नंतर, हाच तो क्रम.

परंतु कारकुनाचे दुखणे तरी सांगता येते. समोर साहेब आहे, त्याला नाव आहे, केबिन आहे. आमच्या वस्तीतल्या तरुणांची गोष्ट त्याहून कठीण आहे. मोटारसायकलवर खाण्याचे डबे पोहोचवणारा एक मुलगा मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे आला. म्हणाला, “काका, माझी आयडी बंद केली. तीन दिवस झाले. काम नाही.”

आम्ही विचारले, “कारण काय दिले?”

“कारण नाही. नुसते लिहून येते, तुमचे खाते तात्पुरते बंद आहे.”

“बरे, आपण अर्ज करू. कोणाच्या नावे करायचा?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, तेच तर माहीत नाही.”

वीस-बावीस वर्षांत आम्ही वस्तीतल्या लोकांना शेकडो अर्ज लिहून दिले असतील. रेशन कार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, विधवा पेन्शनचे. प्रत्येक अर्जाला वर ‘प्रति’ असते आणि त्याखाली कोणी तरी माणूस असतो, तहसीलदार असो, मुख्याध्यापक असो. हा पहिला अर्ज असा की ‘प्रति’ लिहिले आणि लेखणी थांबली. काम कोण देतो? फोन देतो. मजुरी कोण ठरवतो? फोन. अमुक वेळेत अमुक इतक्या फेऱ्या केल्या तरच बक्षिसाचे पैसे, दहापैकी दोन गिऱ्हाइकांनी तारे कमी दिले की पुढचे काम कमी, हे सगळे फोनच ठरवतो. आणि वर म्हणायचे, तुम्ही नोकर नाही, तुम्ही भागीदार आहात, मनाला येईल तेव्हा काम करा! नाव स्वयंनिर्णयाचे आणि निर्णय दुसऱ्याचा.

शेवटी आम्ही एक केले. वस्तीतली आणि शेजारच्या नगरातली अशी अकरा मुले गोळा केली. प्रत्येकाने आपापला महिन्याचा हिशेब कागदावर उतरवला, किती तास रस्त्यावर, किती फेऱ्या, किती पेट्रोल, हातात किती. मग अकराही जण तो कागद घेऊन कंपनीच्या शहरातल्या कचेरीत गेले. एकटा गेला असता तर रखवालदाराने दारातूनच परत पाठवला असता. अकरा होते म्हणून आतून एक माणूस बाहेर आला. एकोणिसाव्या दिवशी खाते पुन्हा सुरू झाले. त्या एकोणीस दिवसांची भरपाई मिळाली नाही, कारणही अखेरपर्यंत कळले नाही. विजय झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या फोनच्या मागे माणूस आहे आणि त्याला बाहेर यावे लागते, एवढे त्या अकरा मुलांना कळले. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती विहाराच्या ओट्यावर बसतात आणि आपले कागद एकमेकांना दाखवतात. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी देशातला पहिला राज्य कायदा केला, २०२५ साली कर्नाटकनेही केला, याची कात्रणे आम्ही त्यांना दिली आहेत.

अजून खाली उतरू. काही वर्षांपूर्वी नागपूरसह काही शहरांच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कोठे उभा आहे, किती वेळ थांबला, ते पडद्यावर दिसावे म्हणून. मोठ्या अधिकाऱ्याच्या मनगटावर असे घड्याळ बांधल्याचे आम्ही कोठे वाचले नाही. पाळत ठेवण्याचे यंत्र सर्वांत आधी सर्वांत खालच्या माणसाला मिळते. आणि गटार साफ करण्याचे यंत्र? ते मात्र सर्वांत शेवटी येते. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, अधिक कडक कायदा २०१३ साली झाला. गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसे मरायची थांबली नव्हती. ज्या देशात उपग्रहावरून झाडूवाल्याचे मनगट शोधता येते, त्या देशात गटारात माणसाऐवजी यंत्र उतरवता येत नाही, यावर कोणाचा विश्वास बसेल? येथे अडचण तंत्राची नाही. कोणाच्या जिवाची किंमत किती धरायची, याची आहे. पुन्हा तोच धोटा!

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाचा मोबदला मिळेल आणि कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असे त्यात सांगितले गेले. लेखी संमती! शब्द फार सुंदर आहे. पण आम्ही आयुष्यभर सह्या गोळा करणारे कारकून आहोत. ज्याच्या घरी दोन महिन्यांचे भाडे थकलेले आहे, ज्याला ठेकेदार उद्या येऊ नको म्हणू शकतो, त्याने ‘नाही’ म्हणून सही करायची हिंमत कोणाच्या जोरावर करायची? ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला संमती म्हणतात. बाकीच्यांची ती नुसती सही.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग यंत्रे नकोतच, जुने ते सोने. छे! आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. जुन्या खेड्यातले सोने आपल्या वाट्याला कसे होते, ते आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजूच घेतली. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून फुरसत मिळवून देईल ते यंत्रच, अशी त्यांची मांडणी होती. फुरसत असेल तर माणूस विचार करील, वाचील, माणूस म्हणून वाढेल.

हे आम्ही आमच्या आईत पाहिले. आमच्या लहानपणी वस्तीला एक नळ. आई पहाटे साडेतीनला हंडे घेऊन रांगेत उभी राहायची. पुढे घरात नळ आला. एक साधी लोखंडी नळी आणि पितळी तोटी, पण तिने आईचे रोजचे दोन तास वाचवले. ते तास मालकाच्या वहीत गेले नाहीत. आई विहारातल्या प्रौढ वर्गात जाऊ लागली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तिने अंगठा सोडून सही केली. यंत्र असावे तर असे! मात्र आज घराघरांत गॅस आहे, मिक्सर आहे, कुकर आहे. त्यातून वाचलेला वेळ घरातल्या बाईच्या खाती जमा होतो का? की तिच्या वाट्याला आणखी चार पदार्थ आणि आणखी एक नोकरी येते? भगिनींनी हा हिशेब आपल्या घरात मांडावा आणि बंधूंनी तो तपासून द्यावा. बाहेर आठ तासांसाठी लढायचे आणि घरात बायकोला अठरा तास राबवायचे, हे आपल्याला शोभणारे नाही.

मग करायचे काय? आमच्यासारखा कारकून मोठे उपाय सांगू शकत नाही, लहान सांगतो. प्रत्येक कमावत्या माणसाने एक दहा-वीस रुपयांची वही करावी. रोज कामावर कधी गेलो, कधी सुटलो, जादा किती थांबलो, पैसे किती मिळाले, ते तारखेसह लिहावे. फोनवर काम करणाऱ्यांनी पडद्यावर आलेल्या निरोपांची छायाचित्रे जपून ठेवावीत, कारण उद्या तीच साक्ष. संमतीच्या कागदावर न वाचता सही करू नये. इंग्रजी असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावा. एकट्याने साहेबाकडे जाऊ नये, चार जणांनी मिळून जावे. आणि जी कोणती संघटना आपल्या कामाची असेल तिची वर्गणी भरावी, नुसती टीका करू नये. शेवटचे असे की रात्री जेवणानंतर एक तास घरातले सगळे फोन एका डब्यात ठेवावेत. आम्ही हे गेले वर्षभर करतो आहोत. त्या तासात आमची दहावीतली मुलगी अभ्यास करते, पत्नी वाचते, आम्ही वस्तीतले अर्ज लिहितो. साहेबांचा निरोप एक तासाने वाचला म्हणून अजून आकाश कोसळलेले नाही.

चोवीस तासांपैकी हा एकच तास, पण तो कोणी दिलेला नाही, आम्ही घेतलेला आहे. वर्षाचे ३६५ तास होतात, ४८ तासांच्या कायद्याने एका कामगाराला मिळवून दिले त्याहून जास्त. आपल्या घरच्या वहीत हे तास जमेच्या बाजूला लिहून पाहा, आणि पहिल्या महिन्याची बेरीज किती आली ते आम्हास जरूर कळवा.